घड्याळाचा वायंडर कोणता घ्यावा? (मोटर जळालेली नाही!)

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मोटर शाबूत आहे. आमच्याकडे वायंडर हा शब्द काढला की समोरचा पहिलं विचारतो, "किती एचपीची जळाली?" परवा रावेरला इलेक्ट्रिकच्या दुकानात घड्याळाचा वायंडर मागितला, तर पोऱ्यानं शेजारच्या रिवायंडिंगवाल्याकडे बोट दाखवलं. मला हवाय तो डबा, ज्यात ऑटोमॅटिक घड्याळ ठेवलं की ते हळूहळू फिरत राहतं आणि हातात न घालताही चालू राहतं.

माझा धंदा केळीचा. बाग कापणीला लागली की पहाटेपासून मी तिथं, आणि केळीचा चीक एकदा पट्ट्याला लागला की तो डाग पट्ट्यासोबतच जातो. म्हणून रोज मनगटावर असतं ते सेलवालं, रबरी पट्ट्याचं. चांगली तीन घड्याळं कपाटात. लग्नकार्य असलं, बँकेत किंवा जळगावला जायचं असलं की निघतात, आणि निघतात तेव्हा हमखास बंद.

एक वडिलांचं एचएमटी कांचन. १९८२ साली लग्नात आजोबांनी म्हणजे आईच्या वडिलांनी दिलेलं. दुसरं सायको ५, मेव्हण्यानं दुबईहून आणलं, मागच्या झाकणावर ७एस२६ हा मशीनचा नंबर लिहिलाय. हिला चावीच भरता येत नाही, नुसतं हलवत बसायचं. तिसरं टिसो, पॉवरमॅटिक ८०. एका वर्षी केळीचा बोर्ड भाव (जाहीर होणारा बाजारभाव) चांगला लागला त्या वर्षीची ती खूण.

परवाचीच गोष्ट. फैजपूरला लग्न, गाडी दारात उभी, घरचे सगळे बसलेले, आणि मी अंगणात उभा राहून सायकोचा वार पुढे ढकलतोय. सोमवारचा शनिवार करायचा. बायको म्हणाली, वरणबट्टी थंड होईल, बसा आता. शेवटी चुकीच्या वारासकट गेलो. तिथं एका पाहुण्यानं नेमका वारच वाचला.

एक वायंडर मी गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवला होता. दोन हजाराच्या आत, दोन घड्याळांचा, काळा चकचकीत डबा, आत निळा दिवा, वर लिहिलेलं "जपानी मोटर". आठ दिवस ठीक चालला. नंतर रात्री असा घरघरायला लागला की दोन खोल्या पलीकडे पिठाची गिरणी सुरू आहे असं वाटावं. आई म्हणाली, "आता घड्यायले बी पायना लागस का?" (घड्याळालाही पाळणा लागतो का?) आणि खरं दुखणं वेगळंच. आमचं घर मळ्यात, लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही. लाईट गेली की हा बंद, आणि परत आली की निळा दिवा लागतो पण घड्याळ जागचं हलत नाही. तीन दिवस नाशिकला जाऊन आलो, तर आत सायको मेलेली आणि दिवा मात्र दिवाळीसारखा.

विकणाऱ्याला तक्रार केली. उत्तर आलं की बटण पुन्हा दाबा. म्हणजे मी नाशिकहून येऊन बटण दाबायचं.

तर विचारायचं असं की भरवशाचा वायंडर ओळखायचा कसा? ब्रँडच्या नावापेक्षा नेमकं काय पाहायचं ते सांगा. बजेट आठ-दहा हजारांपर्यंत ताणता येईल, पण ताणायचंच कारण असेल तर.

भुसावळ_लोको

कशाला घेता? माझ्याकडे पाच ऑटोमॅटिक आहेत, वायंडर एकही नाही. जे घालायचं त्याला आदल्या रात्री तीस आटे चावी देतो, वेळ लावतो, झालं. टिसोला तर काहीच नको. शुक्रवारी रात्री ९ ला काढून ठेवलं तरी ८० तास म्हणजे मंगळवारी पहाटे ५ पर्यंत चालतं. वायंडर त्याला लागतो ज्याच्याकडे पर्पेच्युअल कॅलेंडर आहे, कारण ते थांबलं की वार, तारीख, महिना, लीप वर्ष सगळं पुन्हा लावत बसावं लागतं. तुमच्या तिन्हींत तसलं एकही नाही.

पाचकंदील_धुळे

लोको काकांचं बरोबर आहे, फक्त सायको ५ तेवढी त्यांच्या हिशेबात बसत नाही, कारण ७एस२६ ला चावी भरताच येत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आमचं धुळ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान, वडील एचएमटीच्या भरभराटीपासून या धंद्यात, मी दहावीपासून शेजारच्या स्टुलावर. वायंडर आम्ही विकत नाही, त्यामुळे विकायचा मोह नाही. उलट वायंडरनं बिघडलेली घड्याळं आमच्याकडे येतात.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. घड्याळ हललं की रोटर म्हणजे आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि कमान, म्हणजे घड्याळ चालवणारी स्प्रिंग, भरते. पूर्ण भरली की कमानीचं बाहेरचं टोक पेटीच्या भिंतीवरून घसरतं, त्यामुळे जास्त चावी भरून कमान तुटणं ऑटोमॅटिकमध्ये होत नाही. विकणारे हेच वाक्य धरून बसतात. तुटत नाही हे खरं, पण दिवसरात्र घसरवत ठेवलं तर तिथलं ग्रीस आणि रोटरखालची चाकं उगीच झिजतात. म्हणून वायंडरमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते दिवसाला फेऱ्या किती आणि मध्ये विश्रांती आहे का.

बहुतेक मशीनना दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्या पुरतात. दिशाही महत्त्वाची. सायकोत १९५९ पासून मॅजिक लिव्हर आहे, रोटर कुठंही फिरो, कमान भरते. ईटीए २८२४ हे स्विस मशीनसुद्धा दोन्हीकडून भरतं. पण जपानी मियोटा ८२१५ किंवा ईटीए ७७५० ही मशीनं एकाच बाजूनं भरतात, दुसऱ्या बाजूला रोटर नुसता गरगरतो. मियोटावालं घड्याळ कानाशी धरून हलवा, तो गरगराट ऐकू येतो. अशा घड्याळाला चुकीच्या दिशेचा वायंडर दिला तर तो महिनाभर फिरेल आणि घड्याळ तरी बंदच. म्हणून डावी, उजवी आणि दोन्ही अशा तिन्ही सोयी पाहिजेत. दोन घड्याळांचा घेतलात तर प्रत्येकाला वेगळी सेटिंग हवी. पुष्कळ स्वस्त डब्यांत घड्याळ अडकवायच्या दोन्ही उश्या एकाच मोटरवर असतात, म्हणजे दोन आजारी माणसांना एकच गोळी.

उशी. याबद्दल कोणी बोलत नाही. उशी मोठी असली तर स्टीलचा पट्टा लागत नाही, लोक दाबून लावतात आणि कडी ताणते. बारीक असली तर घड्याळ उशीवर लोंबकळतं आणि प्रत्येक फेरीला टक् करून आपटतं. दाबली की बसणारी आणि सोडली की फुगणारी उशी बघा.

आणखी एक, मोटरचं चुंबक. घड्याळ मोटरला चिकटून बसत असेल आणि मध्ये आडोसा नसेल तर हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे वेळ सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरतं, तिचे वेढे एकमेकांना धरतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागतं. मोबाईलमधलं होकायंत्र उघडा, वायंडर चालू करून उशीजवळ न्या. काटा भिरभिरला तर तो डबा परत करा.

वुल्फचे वायंडर चांगले असतात, ते फेऱ्या अंदाजानं नाही, मोजून करतात. १८३४ पासूनचं घराणं, मूळ काम दागिन्यांच्या पेट्यांचं. पण किंमत पाच आकडी, आणि सायको ५ साठी घ्यायचा म्हणजे बकरीसाठी हत्तीची अंबारी.

तुमच्या कांचनबद्दल हात जोडून विनंती. ते वायंडरवर ठेवू नका. शेवटचं ऑइलिंग कधी झालं? वाळलेल्या तेलावर मशीन रोज चालवणं म्हणजे तेल न बदलता ट्रॅक्टर पळवणं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, आता आम्ही पार्ट काढतो ते मेलेल्या घड्याळांतून. एक चाक झिजलं की दुसरं कांचन फोडावं लागतं, आणि दरवेळी ते कोणाच्या तरी वडिलांचंच असतं.

आणि सायकोचा वार-तारीख रात्री ९ ते पहाटे ४ च्या मध्ये चावीनं ढकलू नका. त्या वेळात आतलं चाक तारीख बदलायला गुंतलेलं असतं, जोर दिला तर दात जातात. बंद पडलेल्या घड्याळाचे काटे नेमके तिथं थांबलेले असतील तर आधी काटे सहावर आणा, मग तारीख.

वायंडर_चोपडा

मला हाक मारली का भो? नावातच वायंडर आहे. माझं काम पाणबुडी मोटरचं, तांब्याच्या तारेत आयुष्य चाललंय. पण मुलानं गेल्या वर्षी असला घड्याळाचा डबा आणला आणि तीन महिन्यांत तो माझ्या टेबलावर उघडा पडला.

रावेरवाले भाऊ, मोटरच्या नावावर जाऊ नका. माबुची ही खरी जपानी कंपनी, १९५४ ची, खेळण्यांपासून गाडीच्या आरशापर्यंत तिच्या बारक्या मोटरा असतात. चांगल्या असतात. पण डब्यावर छापायला काय लागतं? मी उघडलेल्या डब्यात मोटरवर नावच नव्हतं. आणि गंमत अशी की मोटर ठणठणीत होती. गेला होता तो रबरी पट्टा, एखाद्या जुन्या टेपरेकॉर्डरमधल्यासारखा. आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस अंशात पत्र्याखालचं कपाट भट्टी होतं, रबर वाळून चिरतं, मग घसरतं, मग घरघर. तुमची गिरणी ती हीच असणार. डबा पश्चिमेच्या भिंतीला आहे का?

आता एक हिशेब करा. उशीवर खुणेचा काहीतरी कागद चिकटवा आणि घड्याळ समोर धरून मोजा. मिनिटाला किती फेऱ्या, किती मिनिटं चालतो, किती थांबतो. मी मुलाचा डबा मोजला तर मिनिटाला ८ फेऱ्या आणि विश्रांती नावाला नाही. आठ गुणिले साठ गुणिले चोवीस. ११,५२० फेऱ्या! धुळेवाले म्हणतात ६५० लागतात. म्हणजे चांगल्या डब्यातली मोटर चोवीस तासांत जेमतेम सव्वा तास ते दीड तास चालायला पाहिजे. मोटर अशी चालली तर तिला काय धाड भरणार नाही.

लाईटचं. टचचं बटण असलेला डबा घेऊ नका. टचवाल्यात सर्किटला लक्षात ठेवायला लागतं की आपण कोणत्या सेटिंगवर होतो, आणि लाईट गेली की स्वस्त सर्किट विसरतं. खटका किंवा फिरवायचं बटण असलं की ते जागचं हलत नाही, लाईट आली की आहे तिथून सुरू. दुकानात असाल तर चालू डब्याची पिन उपसा, पाच मिनिटांनी लावा, फिरला तर घ्या. ऑनलाइन घेतलात तर आल्या दिवशीच हे करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

पॉवर बँक लावायचा विचार करत असाल तर थांबा. डबा विश्रांतीला गेला की करंट जवळपास शून्य, आणि पुष्कळ पॉवर बँका समजतात की काही जोडलेलंच नाही, आपोआप बंद पडतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो चालेल, पण आधी व्होल्ट वाचा. ५ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट दिलेत तर मग मात्र खरंच माझ्याकडं यावं लागेल. सेलवर चालणारा मिळाला तर उत्तम.

केळीवाला_रावेर

चोपडेवाले दादा, पत्र्याखाली नाही पण पश्चिमेची भिंत बरोबर ओळखलीत.

काल रात्री मोजलं. चिकटवायला काही हाताशी नव्हतं, पोराच्या दप्तरावर केळीच्या पेटीचं गोल स्टिकर होतं ते काढून उशीवर लावलं. आमचा डबा मिनिटाला १० फेऱ्या, दोन मिनिटं चालतो, सहा मिनिटं थांबतो. कागद-पेन घेऊन बसलो. दिवसाला १८० वेळा चालू, दर वेळी वीस फेऱ्या, ३,६०० झाल्या. खोक्यावर छापलंय ६५०! आणि सगळ्या एकाच बाजूला. होकायंत्र धरलं तर काटा असा फिरला की उत्तर दिशा माझ्या गोठ्याकडे गेली.

मग आठवलं, सायको दिवाळीनंतर दिवसाला तीन-चार मिनिटं पुढे जायला लागली होती. मी समजत होतो घड्याळ म्हातारं झालं.

पाचकंदील_धुळे

म्हातारं नाही, चुंबक शिरलंय. जळगावला कोणत्याही घड्याळदुरुस्तीवाल्याकडे डिमॅग्नेटायझर असतो. घड्याळ त्यावर ठेवायचं, बटण दाबायचं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूच हातभर लांब न्यायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर उलटं जास्त भरतं. मिनिटभराचं काम, चांगला माणूस पैसेही घेत नाही.

नवीन वायंडर आला की असं तपासा. सायको पूर्ण बंद पडू द्या. मग अर्धा मिनिट डावीउजवीकडे हलवून सुरू करा आणि वायंडरवर सगळ्यात कमी आकड्यावर चार दिवस ठेवा. काढा, टेबलावर सपाट ठेवा, हात लावू नका, आणि किती तासांनी थांबतं ते बघा. ७एस२६ ४० तासांच्या आसपास चालते. ४० च्या जवळ आली तर कमान पूर्ण भरत होती, आकडा वाढवायची गरज नाही. वीस-बावीसवरच थांबली तर फेऱ्या कमी पडतायत, एक पायरी वर जा. कंपनीच्या तक्त्यापेक्षा हे खरं.

भुसावळ_लोको

टिसो आणि कांचनला वायंडर नको हे ठरलं ना? मग एका घड्याळाचाच घ्या. दोन, चार, सहावाले घेतले की रिकामी उशी बघून माणूस नवीन घड्याळ घेतो. अनुभवाचे बोल. माझी पाचवी त्यातूनच आली, आणि वायंडर मेहुण्याचा होता!

केळीवाला_रावेर

पाच आठवड्यांनी लिहितोय, मध्ये कापणी होती.

लोको काकांचं ऐकलं. एकाच घड्याळाचा घेतला, फिरवायच्या दोन बटणांचा, एक दिशेचं आणि एक फेऱ्यांचं. सेलवरही चालतो. साडेचार हजार पडले. काच नाही, निळा दिवा नाही, दिसायला मिठाईच्या खोक्यासारखा. आल्या दिवशी पिन उपसून तासभर ठेवला, लावली, फिरायला लागला. होकायंत्राचा काटा किंचित हलला, गोठ्याकडे गेला नाही. पोराला दहा रुपये कबूल करून तासभर स्टिकर मोजायला बसवलं. २७ फेऱ्या आल्या. चोवीसनं गुणलं, ६४८. पोरगं म्हणे, पप्पा दोन कुठं गेल्या?

डबा आता देवघराच्या खोलीत, आतल्या भिंतीला, जिथं दुपारीही फरशी गार असते. रात्री कान लावला तरच आवाज येतो.

सायको जळगावहून चुंबक उतरवून आणली. चार दिवस वायंडरवर ठेवून रविवारी सकाळी ६ ला काढली आणि टीव्हीशेजारी ठेवली. सोमवारी रात्री जेवणं झाली तरी चालूच. मी झोपायला जात नव्हतो, बायको बघत होती की हा माणूस बंद पडणाऱ्या घड्याळाची वाट बघतोय. १० वाजून ४० मिनिटांनी सेकंदकाटा थांबला. ४० तास ४० मिनिटं. ६५० वरच ठेवतोय.

टिसोला आदल्या रात्री चावी देतो. कांचन आईनं तिच्या कपाटात नेऊन ठेवलं, म्हणाली ऑइलिंग करून आण, मग मी सांगेन कुठं ठेवायचं. धुळेवाले भाऊ, घेऊन कधी येऊ?

पाचकंदील_धुळे

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) या. आत्ता सगळ्यांना लग्नाची घड्याळं एकदम आठवलीयत, टेबलावर सतरा पडून आहेत आणि कांचनला मला सबंध दिवस लागेल. येताना मागचं झाकण कोणाकडून उघडून घेऊ नका, आणि मूळ स्टीलचा पट्टा असेल तर तोही आणा, तुटलेला असला तरी.